धवल्यातलं नाव

“बय, एकदाच गा. पाचच मिनिटं.”

“कोनाचं लगीन हाय?”

“कोणाचं नाही गं. मोबाइलसाठी पाहिजे.”

“मोबाइलचं लगीन हाय? मग नवरी कोन, तो चार्जर?”

हर्षालीने कपाळाला हात लावला. हर्षाली माझी नात, तेव्हा पेणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मी सैपाकघरात सूप घेऊन सुकट निवडत बसले होते, आणि ही माझ्या पुढ्यात तांदळाचा डबा ठेवून, त्याला फोन टेकवून, माझं तोंड त्यात नीट मावतं का ते बघत होती. त्या दुपारला आता नऊ वर्षं झाली.

मी धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंत्र म्हणतो ते त्याच्या जागी. पण तांदळाच्या पिठाचा चौक भरला जातो आणि नवरा-नवरीला हळद लागते ती धवलारणीच्या गाण्यावर. त्या गाण्याला म्हणायचं धवला. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, तिथे मास्तर आणि मी दोघंही एकमेकांना कंटाळलो. पण आमच्या शेवरखारात आणि आजूबाजूच्या तीन गावांत माझा शब्द चालायचा. सरपंच असो नाही तर बँकेतला साहेब, तो माझ्या तोंडून नवरा झालेला. त्यामुळे माझ्यापुढे कोणी फार ताठ चालत नसे.

“मी चॅनल काढलंय, बय,” हर्षाली म्हणाली. “तिकडे बघावं तर नुसती डीजेवाली हळदीची गाणी. खरा धवला कोणी टाकलेलाच नाही. लोकांना ऐकायला मिळेल.”

“लोकांना ऐकायचा आसंल तर लगीन करा म्हनावं.”

“बय, प्लीज.”

तिचा चेहरा बघितला. लहानपणी ताप आला की असंच करायची. मी सूप बाजूला ठेवलं. “बरं. गाते. नावं सांग.”

“कसली नावं?”

“नवऱ्याचं नि नवरीचं. सात कडवी आसतात. सहा कडव्यांत मी गनपतीला बोलवते, खाडीला बोलवते, मिठागराला बोलवते, गेलेल्या आजा-पंजांना बोलवते. सातव्यात त्यांना सांगायचं, कोनासाठी बोलवलंय ते. हाका मारून घरी आनायचं आनि काम न सांगता परत पाठवायचं? पिसालतील ते.”

“मग नुसतं नवरा-नवरी असं म्हण.”

“म्हंजे दुनियेतले सगले नवरे नि सगल्या नवऱ्या एका दाव्याला बांधू?”

“मग सिनेमातली घे कोणाची तरी.”

“परक्यांची गाठ मारून टाकू? त्यांच्या घरी निस्तरनार कोन?”

“मग माझ्या आईबाबांची घे.”

“त्यांचं मीच लावलंय. लागलेल्या गाठीवर परत गाठ मारली की गुंता होतो. आदीच तुजी आय काय कमी गुंता करते?”

हर्षालीने फोन उचलला. हिरमुसली. “म्हणजे लग्न झालंय पण धवला झालेला नाही, अशी जोडी पाहिजे. ती मी कुठून आणू?”

मी पुन्हा सूप ओढलं. सुकटीतले दोन खडे काढले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “एक हाय.”

ती जोडी म्हणजे मी आणि हर्षालीचा आजा.

माझी आई पलीकडच्या गावची धवलारीण आणि माझी सासू शेवरखारची. दोघींचा तोरा असा की खाडीच्या एका काठाला एक गायला लागली की दुसऱ्या काठाला दुसरी नाक मुरडायची. माझ्या हळदीच्या सकाळी दोघी चौकाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. आई म्हणाली, पोर माझी, गाणार मी. सासू म्हणाली, मांडव माझा, गाणार मी. कोणीतरी हळूच सुचवलं, तिसरी धवलारीण बोलवू. त्यावर दोघी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा एका सुरात बोलल्या, “मी जिती आसताना?” वाटीतली हळद सुकायला लागली. शेवटी बायकांनी न गाताच ती आम्हाला फासली, भांड्याला राख फासतात तशी. मी सोळा वर्षांची. माझ्या शेजारच्या पाटावर माझा नवरा. तोंडात सुपारी, मान खाली, एक शब्द नाही. एवढा मोठा बाप्या, पण ‘अगो, कोनीतरी गा’ असं सुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी बायका गोळा झाल्या आणि नाव घे, नाव घे म्हणून मागे लागल्या. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, “माझा धवला होईल त्या दिवशी घेईन.”

सोळाव्या वर्षीचं तोंड. पण बोलले ते बोलले. पुढे मी आईकडूनही शिकले आणि सासूकडूनही शिकले, दोघींच्या चाली माझ्या गळ्यात एकत्र नांदल्या, आणि दोघी गेल्या. गाणारी उरले मी एकटी. मग माझा धवला म्हणणार कोण? बारशाला, हळदीकुंकवाला बायका उखाण्यात नवऱ्याचं नाव घेत आणि मी वाण उचलून पुढे जाई. सेहेचाळीस वर्षं. म्हातारा चिडवायचा, “तीन गावांतल्या सगल्या बाप्यांची नावं घेतंस, माजंच जड जातंय काय गो?”

“जड नाय, हलकं हाय,” मी म्हणायची. “वाऱ्यावर उडंल म्हनून सोडत नाय.”

हे सगळं त्या दुपारी पहिल्यांदा हर्षालीला सांगितलं. तिने हनुवटी गुडघ्यावर ठेवून ऐकलं आणि म्हणाली, “मग तूच म्हण की तुझा.”

“आनि तुज्या आजानं ऐकला म्हंजे? सेहेचालीस वर्षं ताठ ऱ्हायले ती कशासाठी? हसत मरंल तो.”

“आजोबा बांधावर गेलेत. आणि त्यांच्याकडे फोन कुठे आहे?”

ते खरं होतं. म्हाताऱ्याला फोनचा तिटकारा. एका कानाने ऐकूही कमी येई, त्यामुळे दुसऱ्याचा फोन वाजला तरी ह्याला पत्ता नसे.

“आनि गावातले?”

“बय, खरं सांगू? लोक अर्धं मिनिट ऐकतात आणि पुढे ढकलतात. सातव्या कडव्यापर्यंत कोणी पोचणार नाही.”

ह्यावर मला राग आला आणि जीवही भांड्यात पडला. मी पदर सारखा केला. फोनकडे बघायचं नाही, चुलीकडे बघायचं असं ठरवलं आणि सुरू केलं.

सहा कडवी नेहमीसारखी गेली. सातवं आलं.

*पाटावरी बसली गोमी नवरी,*
*तिच्या शेजारी कोन बसला…*

आणि मग ते नाव. तोंडात कढत भात घ्यावा तसं ते आलं, गिळता येईना, बाहेर टाकता येईना. टाकलं. ते नाव मी इथेही घेणार नाही. ज्यांना हवं त्यांनी मोबाइलवर ऐकावं.

हर्षाली फोन बंद करायचंही विसरली. तिचे डोळे भरले होते.

“रडतंस काय? सुकट भिजंल,” मी म्हणाले.

आठवड्यात तीनशे लोकांनी बघितलं. गणपती झाले तोवर एक लाख बत्तीस हजार. हर्षाली रोज संध्याकाळी आकडा सांगायची आणि मी रोज एकच विचारायची, “सातव्यापर्यंत किती गेले?”

“फार थोडे.”

“बरंय.” आणि मनात म्हणायची, मेल्यांना कसली एवढी घाई.

लोक खाली काय काय लिहीत. दुबईत कामाला असलेल्या कोणा पोरीने लिहिलं होतं की ऐकून मला आईच्या हाताचा वास आला. ते मी हर्षालीकडून चार वेळा वाचून घेतलं. खोटं कशाला सांगू, मी फुगले होते. बाजारात कोळणी मला ओळखून चार बोंबील जास्त टाकत.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली आणि माझ्या दाराशी येणारी माणसं कमी झाली. आधी वाटलं, यंदा मुहूर्त कमी असतील. मग एक दिवस जनार्दन मोकल पत्रिका घेऊन आला. आमच्याच आळीतला. त्याच्या तेजलचं लग्न होतं. तेजलला मी न्हाऊ घातलेली, तिच्या आईला मी पाटावर बसवलेली.

“गोमीबय, तुम्ही ह्या वेली पावनी म्हनून या,” तो म्हणाला. “मानाची साडी मी आनलीय. पुढच्या सोफ्यावर बसायचं. गायचा तरास नाय.”

“मग गानार कोन?”

“तुमीच!” तो असा खुशीत म्हणाला, जसं काही मला दागिनाच देतोय. “तुमचा मोबाइलवरचा धवला लावनार. मोठ्या स्पीकरवर. घसा बसायचा परश्न नाय, लाइट गेली तर जनरेटर हाय. आता सगलीकडं तेच लावतात बय. तुमालाच मान हाय तो.”

मी दाराच्या चौकटीला हात लावला. म्हणजे मी घरी बसून होते आणि माझा आवाज माझ्याआधी मांडवात जाऊन बसत होता.

“ते लावू नको, जना. त्यात तेजलचं नाव नाय.”

“नावाचं काय घेऊन बसलाव? त्या आवाजात नाव कोन ऐकतंय?”

“त्यात दुसऱ्यांची नावं हायत.”

“कोनाची?”

मागे ओटीवर म्हातारा जाळं विणत बसला होता. “हायत कोनाची तरी,” मी म्हणाले.

जनार्दन हसला. पत्रिकेला हळद-कुंकू लावून माझ्या हातात दिली आणि गेला. त्याला वाटलं, म्हातारीला मान गेल्याचं दुःख झालंय. ते होतंच. पण मला खुपत होतं ते दुसरंच. पोरीची हळद परक्या नावांनी लागणार होती, आणि मी ते एका शब्दात थांबवू शकत होते. तो शब्द म्हणजे माझ्याच नवऱ्याचं नाव. तो माझ्या तोंडातून निघाला नाही.

संध्याकाळी हर्षालीला म्हणाले, “काढून टाक ते मोबाइलवरून.”

“मी काढते बय, पण उपयोग नाही. लोकांनी उतरवून घेतलंय. एकाने त्याच्यावर ढोल घालून स्वतःच्या चॅनलवर टाकलंय. ते आता आपलं राहिलं नाही.”

“माजा गला नि माजं ऱ्हायलं नाय?”

तिने फोन उलटा ठेवला.

हळदीच्या सकाळी मी मानाची साडी नेसले. ठरवून गेले होते, पाचवं कडवं संपलं की उठायचं, काहीतरी निमित्त काढायचं, चक्कर आली म्हणायचं, पण ते बंद करायला लावायचं. म्हातारा पांढरा सदरा घालून आधीच तयार होता. त्याला जनार्दनकडच्या जेवणाची आशा.

मांडव म्हणजे कसला मांडव, नुसती फुलांची भिंत. आमच्यात दोघांची हळद एकाच चौकावर लागते. डोक्यावर ते उडतं कॅमेरायंत्र भणभणत होतं. तेजल आणि तिचा नवरा पाटावर. चौक मात्र पिठाचा नव्हता, छापलेला कागद चिकटवला होता. माझ्या शेजारी सोफ्यावर म्हातारा, आणि पलीकडे पनवेलची विहीणबाई, म्हणजे नवऱ्याची आई. तिने हातात फोन उभा धरून ठेवला होता.

“तुम्हीच का गोमीबाई?” ती म्हणाली. “मला सांगितलंय, धवल्यात मुलाचं नाव येतं. तेवढं मला नेमकं टिपायचंय. कधी येतं हो?”

“शेवटाला,” मी म्हणाले.

स्पीकर सुरू झाला.

मी माझा आवाज त्याआधी फोनवर ऐकला होता, डब्यातल्या माशीसारखा. असा कधीच नाही. जमीन हलत होती. पहिल्या कडव्याला गणपती आला, दुसऱ्याला खाडी भरून आली. मी ऐकत राहिले. अगो, तिसऱ्या कडव्यात मी आईसारखी वळते आणि चौथ्यात सासूसारखी उतरते, हे मला बासष्ट वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं! दोघी त्या स्पीकरमधून एकमेकींना हात देत होत्या. तेजल डोळे मिटून, हात जोडून बसली होती. बायका तिला हळद लावत होत्या. आणि मी, जी उठणार होते, ती स्वतःच्याच आवाजावर मान डोलावत बसले. पाचवं कधी गेलं कळलं नाही. सहावं संपलं तेव्हा मी दचकले. उठले. तोंड उघडलं.

पण तोवर स्पीकरमधल्या गोमीने तोंड उघडलेलं होतं.

*पाटावरी बसली गोमी नवरी,*
*तिच्या शेजारी कोन बसला…*

आणि ते नाव आलं. एवढं मोठं, की पलीकडच्या गावातल्या कुत्र्यांनी ऐकलं असेल.

विहीणबाईचा फोन खाली आला. “गोमी? आणि हा दुसरा कोण? माझ्या मुलाचं नाव निकेत आहे!”

कोणीतरी स्पीकर बंद केला. मागच्या बायकांत खसखस सुरू झाली. “अगो, हे तर गोमीबयचंच लगीन लागलं!” जनार्दनचा चेहरा हळद न लावताच पिवळा पडला.

“माझ्या मुलाची हळद परक्यांच्या नावाने लावलीत?” विहीणबाई म्हणाली. “आम्ही शहरात राहतो म्हणून आम्हाला कळणार नाही असं वाटलं? अशी हळद मी मानत नाही.”

तेजलची हनुवटी थरथरायला लागली. तेवढ्यात माझ्या बाजूला कोणीतरी उभं राहिलं. मी वळून बघितलं नाही, धीर झाला नाही. मग त्याचा आवाज आला, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा.

“परत लाव रे.”

सगळा मांडव हसला. विहीणबाई हसली नाही. मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो कानामागे हात धरून स्पीकरकडे तोंड करून उभा होता. तो पण हसत नव्हता.

जनार्दन माझ्याकडे बघत होता. सांगितलं होतं ना तुला, नावं दुसऱ्यांची हायत? हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते बोलले असते तर चार गावांत माझा मान परत आला असता आणि त्या पोरीच्या लग्नाला जन्मभराचा बट्टा लागला असता. आणि सांगितलं तरी किती होतं मी? अर्धंच.

मी चौकाजवळ गेले.

“विहीनबाय,” मी म्हणाले, “गोमी मी. आनि तो कानाला हात लावून उभा हाय ना, तो माजा. हा धवला आमचा व्हता. सेहेचालीस वर्षं उशिरा झाला, तो आता झाला. तुमच्या पोराची हलद कुठं गेली नाय, ती आजून वाटीत हाय.”

“आणि गालाला लावलीय ती?”

“ती आमची. आमाला परत द्या.”

विहीणबाई काही बोलायच्या आत तेजल पाटावरून उठली. स्वतःच्या गालावरची हळद तिने दोन्ही हातांनी निपटली आणि माझ्या गालांना लावली. तिचे हात गार होते. मग तो निकेत उठला, सोफ्याकडे गेला आणि आपल्या तोंडावरची हळद म्हाताऱ्याला फासली. म्हातारा लहान पोरासारखा तोंड पुढे करून उभा. बायकांनी असा गलका केला की वरचं ते उडतं यंत्रही बाजूला झालं असावं.

“थांबा थांबा!” विहीणबाई ओरडली. सगळे गप्प. “परत करा एकदा. माझं रेकॉर्डिंग चालू नव्हतं.”

तिथे तिचा राग संपला. मी जनार्दनला म्हणाले, “तो कागद काढ, नि तांदलाचं पीठ आन.” चौक मी हाताने भरला. पोरं पुन्हा पाटावर बसली. मी तोंडाला हळद फासलेली, मानाच्या साडीत, स्पीकर नाही, माइक नाही, सुरू झाले. चौथ्या कडव्यात आवाज फाटला. तसाच पुढे नेला. सातव्यात तेजलचं नाव घेतलं, निकेतचं घेतलं, त्यांच्या आजा-पंजांना सांगितलं की काम कसलं आहे. विहीणबाई तोवर फोन धरून उभी राहिली होती. तिचा हात दुखून आला तरी खाली घेतला नाही.

जेवून आम्ही बांधावरच्या वाटेने घरी निघालो. उन्हं कलली होती. हर्षाली पुढे गेली, मुद्दामच. म्हातारा माझ्या मागे चालत होता. मला वाटलं, आता चिडवणार, जिंकलो म्हणणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

“मी बोलावली व्हती,” तो म्हणाला.

“कोनाला?”

“तिसरीला. धवलारीन. पलीकडच्या खारातली. आपल्या हलदीच्या आदल्या रातीच मला कललं व्हतं, या दोघी आया येकमेकींना गाऊ देनार नाय. पहाटं होडकं घेऊन गेलो, तिला सांगून आलो. म्हटलं, हलदीला ये.”

मी थांबले. “मग?”

“आली व्हती. धक्क्यापर्यंत. तुज्या आयचा नि माज्या आयचा आवाज तिथं ऐकला नि होडकं वलवून गेली. खाली उतरलीच नाय.” तो थोडा हसला. “मी पाटावरून बगत व्हतो. मान खाली घालून, बायकांच्या पायांमदून धक्का दिसत व्हता.”

सेहेचाळीस वर्षं मी त्या खाली घातलेल्या मानेचा राग धरला होता.

“मला सांगितलं का नाय?”

“तू दुसऱ्या दिवशी सगल्यांपुढं अशी तोऱ्यात बोल्लीस, धवला होईल तवा नाव घेईन. मला ते लय आवडलं. म्हटलं, कशाला मोडायचं? ऱ्हाऊ दे.”

खाडीला भरती येत होती. मी पुढे चालायला लागले, कारण माझं तोंड त्याला दिसायला नको होतं. हळदीच्या आड काही दिसलं नसतं, पण तरी.

“काय गो,” मागून आवाज आला, “आता घरात पन घेशील काय नाव?”

“एकदा घेतलं ते पुरं,” मी म्हणाले. “परत ऐकायचं आसंल तर मोबाइल घे.”

सोमवारी म्हातारा हर्षालीला घेऊन पेणच्या बाजारात गेला. दुकानदाराने विचारलं, “आजोबा, कॅमेरा कसला हवा?” तर हा म्हणाला, “कॅमेरा मला काय करायचाय? मोठ्यानं बोलनारा दे.”

घरी येऊन त्याने हर्षालीकडून सातवं कडवं कुठे येतं ते बोट ठेवून शिकून घेतलं. पहिल्या सहांना तो हातच लावत नसे. ओटीवर बसून, फोन चांगल्या कानाला लावून, आवाज एवढा मोठा की आळीतल्या बायका पाणी भरता भरता हाक मारत, “बय, लगीन लागलं काय आजचं?” मी आतून शिव्या देई. तो होता तोवर दिवसातून चार वेळा माझं लग्न लागायचं.

फोन अजून चालतो. चार्जिंगला मी लावते.